एका दिवसाने काय होतंय?

"ओ बाई, एका दिवसाने काय होतंय?" हे वाक्य शाळेच्या गेटवर, फोनवर, मंडईत भाजी घेताना, कुठेही ऐकायला मिळतं, आणि बोलणारा माणूस काही वाईट नसतो, लेकरावर त्याचा जीव असतो हे आधीच सांगते. मी सोलापुरात पूर्व भागात एका मराठी माध्यमाच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. माझ्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी पोरं आहेत, कानडी आहेत, हिंदी-उर्दू आहेत, आईवडील म्हणाल तर कोणी यंत्रमागावर, कोणी टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला, कितीतरी आया घरी विड्या वळतात. सकाळी उठल्यापासून धावपळ, त्यात लेकरू एक दिवस राहिलं घरी तर काय बिघडलं असं त्यांना वाटणं मी समजू शकते. पण बिघडतं, म्हणून लिहायला बसले.

मला काय म्हणायचंय ते इथेच सांगून टाकते, कारण शेवटपर्यंत वाचायला सगळ्यांना वेळ असतोच असं नाही. लेकरू खरंच आजारी असेल तर बिनधास्त घरी ठेवा, मनात काही आणू नका. आजारी नसेल तर पाठवा, उशीर झाला तरी पाठवा, गृहपाठ झाला नसेल तरी पाठवा, युनिफॉर्म वाळला नसेल तर साध्या कपड्यात पाठवा. आपल्याकडे नेमकं उलटं चाललंय. ताप असलेलं लेकरू औषध पाजून वर्गात बसवलं जातं आणि ठणठणीत लेकरू पाणी भरायला घरी असतं.

पाण्याचं आधी बोलू, कारण सोलापूरच्या बाहेरच्या माणसाला हे पटकन कळायचं नाही. आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, ते कधी रात्री येतं, कधी पहाटे, आणि आलं की घरातलं जे हाताशी असेल ते भांडं आणि जो हाताशी असेल तो माणूस कामाला लागतो. उजनी धरण भरलेलं असलं तरी यात काही फरक पडत नाही. आता रात्री दोनला पाणी आलं आणि नऊ वर्षांची मुलगी मोटर बघत, बॅरल भरत चारपर्यंत जागली तर ती सकाळी कशी उठणार. आणि हे काम बहुतेक घरात मुलीकडेच येतं, भाऊ झोपलेला असतो. माझ्या हजेरीपटात मुलींच्या नावापुढच्या कितीतरी गैरहजेऱ्या मला त्या त्या भागातल्या पाण्याच्या पाळीशी जुळवून दाखवता येतील. तसंच विड्यांचं. विड्या कारखान्यात द्यायचा दिवस आला आणि माल पुरा झाला नाही की आईच्या शेजारी मुलगी बसते, पान कापून दे, बंडल बांधून दे. धाकट्याला सांभाळायला घरी कोणी नाही हे तर नेहमीचंच. शासन काही गरीब घरातल्या मुलींना पहिली ते चौथीत शाळेत आल्याबद्दल रोजचा १ रुपया उपस्थिती भत्ता देतं, ही योजना १९९२ ची आहे आणि रुपया तेव्हाचाच आहे. त्या एका रुपयासमोर घरातल्या कामाचं वजन किती आहे ते तुम्हीच बघा.

बाकी कारणं तुम्हाला माहीत आहेतच. मामाच्या मुलाचं लग्न. कोजागरीला तुळजापूरला चालत गेलो होतो, पाय दुखतात. गुरुवार, अक्कलकोटला जाऊन येतो. गड्ड्याचं, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेचं, तर विचारू नका, भोगीला अक्षता झाल्या, सुट्ट्या संपल्या, तरी होम मैदानावर पाळणे चालूच असतात आणि रात्री उशिरापर्यंत पाळण्यात बसलेलं लेकरू सकाळी अंथरूण सोडत नाही. मी गड्ड्याला जाऊ नका असं अजिबात म्हणणार नाही. सोलापूरच्या लेकराने गड्डा बघितलाच पाहिजे, नंदीध्वज बघितले पाहिजेत, त्यात शिकण्यासारखंही खूप आहे. फक्त शनिवारी रात्री न्या, रविवारी झोपू दे हवं तेवढं.

आता हिशोब करून बघा. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरायला पाहिजे. महिन्यात फक्त दोन दिवस बुडाले, म्हणजे कोणाच्या नजरेतही येणार नाही इतके, तरी वर्षाचे वीस होतात. २०० मधले वीस म्हणजे दहा टक्के. अमेरिकेत नेमकी हीच रेषा धरतात, शाळेचे दहा टक्के दिवस बुडाले की ते मूल कायम गैरहजर राहणाऱ्यांत मोजायचं, मग कारण आजारपणाचं असो की फिरायला गेल्याचं, कारण मुलाचं शिकायचं राहिलं ते दोन्हीकडे सारखंच राहिलं. पहिली ते पाचवी असंच चालू राहिलं तर शंभर दिवस जातात, अख्खं अर्धं वर्ष, आणि त्या पाच वर्षांत एकदाही कोणी "हा मुलगा शाळेत येत नाही" असं म्हटलेलं नसतं.

काही पालक म्हणतात की बोर्डाला ७५ टक्के हजेरी चालते की. अहो ती दहावीला परीक्षेला बसू द्यायची खालची मर्यादा आहे. २०० दिवसांचे ७५ टक्के म्हणजे पन्नास दिवस गैरहजर, म्हणजे शाळेचे दोन महिने. तिसरीतलं लेकरू दोन महिने घरी राहिलं तर त्याचं काय होईल याचा ७५ शी काही संबंध नाही.

काय होतं ते एका गणितावरून सांगते. ४०३ वजा १७८. तिसरीत हातच्याची वजाबाकी शिकवताना हे असं मधे शून्य असलेलं गणित येतंच. तीनातून आठ जात नाहीत, शेजारच्या घरात मागायला गेलो तर तिथे शून्य, मग त्याच्याही पुढच्या घरात जायचं, एक शतक सोडायचं, त्याचे दहा दशक करायचे, त्यातला एक दशक सोडून दहा एकक करायचे. हे मी दोन दिवस घेते, पहिल्या दिवशी काड्यांचे गठ्ठे सोडवून आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर. एक मुलगा त्या दोन्ही दिवशी नव्हता, गावाला गेले होते, बुधवारी आला. वही उघडली, सगळ्यांसारखं गणित उतरवून घेतलं आणि उत्तर लिहिलं ३७५. त्याने केलं काय तर आठातून तीन काढले, सातातून शून्य काढलं, चारातून एक काढला. त्याच्या दृष्टीने सगळं बरोबर होतं, मोठ्यातून लहान वजा करायचं हे त्याला दुसरीत शिकवलेलं. त्याला कळतच नव्हतं की त्याचं काही राहिलंय. मी वेगळं बसवून, गठ्ठे परत सोडवून ते करून घेतलं, पण वर्गात चाळीस पोरं असताना प्रत्येकाचं असं कुठे आणि कधी राहिलं ते शोधणं फार अवघड आहे. शोधलं नाही तर चौथीत भागाकाराला ते पोरगं अडकतं, कारण भागाकारात वजाबाकी आहेच, आणि मग घरी, शाळेत सगळे म्हणायला लागतात की हा गणितात कच्चा आहे. तो कच्चा नाही हो. तो सोमवार-मंगळवार नव्हता.

आता दुसरी बाजू, ती तेवढीच महत्त्वाची. आजारी लेकरू शाळेत पाठवू नका.

सकाळी अंग गरम लागलं, पातळ औषधाचं एक झाकण पाजलं, ताप उतरला, पाठवलं शाळेत. पॅरासिटामॉलचा असर चार-सहा तासच असतो. बरोबर मधल्या सुट्टीच्या सुमाराला लेकरू बाकावर डोकं टेकतं, डोळे लाल, हात लावला तर चटका बसतो, आणि घरी फोन लावला तर आई कामावर, फोन उचलत नाही. तोपर्यंत त्याच्या आजूबाजूच्या चारजणांना ते खोकून झालेलं असतं. थर्मामीटर घरात ठेवा, दीडदोनशे रुपयात डिजिटल मिळतो, आणि १००.४ फॅरेनहाइट किंवा त्याच्या वर असेल तर घरी. कपाळाला हात लावून सांगता येत नाही, आपला हात गार असला की सगळंच गरम लागतं. आणि औषध न देता पूर्ण एक दिवस ताप आला नाही, मग पाठवा.

उलट्या-जुलाब असतील तर शेवटची उलटी किंवा शेवटचा जुलाब झाल्यापासून पुढे ४८ तास घरी. हे लोकांना जास्त वाटतं पण शाळेतला एकच नळ आणि एकच संडास डोळ्यासमोर आणा म्हणजे पटेल. कांजिण्या आल्या तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, साधारण पाच-सात दिवस. याबाबतीत आमच्याकडच्या आज्यांचं मला कौतुक आहे, कांजिण्या आल्या की तेलुगू घरात अम्मवारू आली म्हणतात, दाराला कडुलिंब लावतात आणि लेकराला घराबाहेर काढतच नाहीत. फक्त त्याच्या जोडीला डॉक्टरला दाखवा, ते टाळू नका. गोवर असेल तर पुरळ उठल्यापासून किमान चार दिवस, गालफुगीला सूज आल्यापासून पाच दिवस. २०२२ मध्ये मुंबई, मालेगाव, भिवंडीला गोवर पसरला होता ते आठवत असेल, तेव्हा नऊ महिन्यांचा आणि सोळा ते चोवीस महिन्यांतला असे गोवराचे दोन्ही डोस झालेत का ते कार्डावर बघून घ्या. डोळे आले असतील तर वेगवेगळं सांगितलं जातं, काही देशांत त्यासाठी शाळा बुडवायची गरज नाही असं म्हणतात, पण माझ्या वर्गात एका बाकावर तिघं बसतात आणि रुमाल, खोडरबर सगळ्यांचं एकच असतं, म्हणून मी म्हणते घाण येणं थांबेपर्यंत ठेवा घरी.

साधी सर्दी, शिंका, थोडा खोकला, ताप नाही, लेकरू खेळतंय, खातंय, तर रुमाल देऊन पाठवा. उवा झाल्या म्हणून मुलींना घरी ठेवतात, त्याची काही गरज नाही, केस घट्ट बांधा, औषध लावा आणि पाठवा, मी कोणाला काही बोलू देत नाही. खरूज असेल तर रात्री डॉक्टरने दिलेलं मलम मानेपासून खाली सगळ्या अंगाला लावलं की दुसऱ्या दिवशी चालतं, पण घरातल्या सगळ्यांनी त्याच दिवशी लावायचं, नाहीतर पंधरा दिवसांनी परत तेच.

डेंग्यूचं थोडं सविस्तर सांगते कारण त्यात एक फसवणूक आहे. ताप तिसऱ्या ते सातव्या दिवसात कधीतरी उतरतो आणि आपल्याला वाटतं बरं झालं, पाठवूया आता, खूप दिवस बुडाले. धोक्याचा काळ नेमका ताप उतरताना सुरू होतो. त्या एक-दोन दिवसात पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यातून किंवा नाकातून रक्त, लेकरू एकदम गळून जाणं, असं काही दिसलं तर थेट दवाखाना. डॉक्टर सांगेपर्यंत शाळा नाही, आणि तापाला आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन द्यायचं नाही. आणि हा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात होतो, म्हणजे परत आपलं पाणी आलंच. नळ चार-पाच दिवसांआड म्हणून आपण बॅरल, हौद भरून ठेवतो, त्यातच अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा बॅरल रिकामा करून आतून घासून कोरडा करा, नुसतं पाणी ओतून परत भरलं तर कडेला चिकटलेली अंडी राहतात.

मार्च-एप्रिलच्या उन्हाचंही विचारतात. आपल्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो, सकाळची शाळा असली तरी सुटताना ऊन डोक्यावर असतं. टोपी, पाण्याची बाटली, घरून काहीतरी खाऊन, आणि पाठवा. मात्र आदल्या दिवशी उन्हाने उलटी झाली असेल, डोकं दुखत असेल तर एक दिवस आराम द्या, तिथे हट्ट नको.

आता सगळ्यात अवघड. "बाई, पोट दुखायलंय." ताप नाही, उलटी नाही, आणि दर सोमवारी किंवा दर गुरुवारी. लगेच नाटक आहे म्हणून मोकळं होऊ नका. पोट खरंच दुखतं, भीतीनेही दुखतं. फक्त घरी ठेवल्याने ते थांबत नाही, पुढच्या सोमवारी जास्त दुखतं. माझ्याकडे एक मुलगी होती, हुशार, शांत, आठवड्यातून एकदा तरी पोटात दुखतंय म्हणून घरी. आई दोनदा डॉक्टरकडे घेऊन गेली, काही निघालं नाही. एकदा मधल्या सुट्टीत माझ्या लक्षात आलं की तिच्या बाटलीतलं पाणी तसंच आहे, सकाळी भरलेलं गळ्यापर्यंत. पाणी का पीत नाहीस ग म्हणून बाजूला घेऊन विचारलं तर बराच वेळ बोललीच नाही, मग म्हणाली, बाथरूमला जावं लागतं. आणि बाथरूमच्या दाराला आतून कडी नव्हती, निखळलेली. सकाळपासून लघवी धरून बसायची ती. शिपाईमामांनी त्याच दिवशी कडी बसवली. पोटदुखी गेली म्हणजे एका दिवसात गेली असं नाही, पण हळूहळू पाणी प्यायला लागली आणि यायला लागली. म्हणून म्हणते की असं दुखणं आलं तर दोन गोष्टी करा, डॉक्टरला दाखवा आणि वर्गशिक्षकांना येऊन भेटा. कोणीतरी चिडवत असेल, फळ्यावरचं दिसत नसेल, चष्म्याचा नंबर लागला असेल, एखाद्या शिक्षकाची भीती बसली असेल, हे घरी बसून कळत नाही. सहावी-सातवीच्या मुलींचं तर पाळीमुळे महिन्याला दोन-तीन दिवस जातात, तिथे पॅड बदलायला जागा आणि पाणी आहे का हे पालकसभेत उभं राहून विचारा, आयांनीच विचारा. लाजायचं काही कारण नाही.

थोडं आमच्या शिक्षक लोकांबद्दलही बोलते. काही शाळांमध्ये प्रार्थना सुरू झाली की गेट बंद, उशिरा आलेल्याला परत पाठवतात किंवा बाहेर उभं करतात. वीस मिनिटांच्या उशिरासाठी त्या लेकराचे पाच तास आपण काढून घेतो, आणि पुढच्या वेळी आई काय करते, उशीर झाला की पाठवतच नाही. रात्री पाणी भरून दमलेल्या मुलीला दहाला पाठवलं तर तिला आत घेणारं कोणीतरी पाहिजे ना. दुसरं ते शंभर टक्के उपस्थितीचं बक्षीस. स्नेहसंमेलनात टाळ्या वाजतात, फोटो निघतो, आणि त्या ट्रॉफीसाठी १०२ ताप घेऊन पोरं शाळेत येतात, आईवडीलच आणतात, "एवढं वर्ष एकही दिवस बुडवला नाही हो बाई" म्हणून. मला हे बक्षीस बंद व्हावं असं मनापासून वाटतं. द्यायचंच असेल तर ज्याची हजेरी मागच्या वर्षीपेक्षा सुधारली त्याला द्या, आजारपणाचे दिवस त्यात मोजूच नका.

आणि लेकरू आजारातून उठून परत आलं की पहिल्याच तासाला "काय, कुठं गायब होतास?" असं सगळ्यांसमोर विचारायचं नाही हे मी माझ्या वर्गात पाळते. घरच्यांनीही एका रात्रीत चार वह्या पूर्ण करायला बसवू नका, डोळे चोळत चोळत उतरवलेलं डोक्यात काही जात नाही. गणित आणि भाषेचं जेवढं राहिलं ते मी सांगते, शेजारच्याची वही देते, परिसर अभ्यासाचं वाचून काढलं तरी चालतं. गावाला महिना-दोन महिने जायचंच असेल, ऊसतोडीला, वीटभट्टीवर, कुठेही, तर न सांगता जाऊ नका. जिथे जाल तिथल्या शाळेत मूल वर्षाच्या मधेही बसू शकतं, कायद्याने त्याला कोणी नाही म्हणू शकत नाही, आणि त्यासाठी शिक्षण हमी कार्ड असतं, ते शाळेकडून मागून घ्या.

शेवटी एक विनंती, माझ्या वर्गाच्या पालकांना आणि कोणाच्याही. लेकरू येणार नसेल तर सकाळी व्हॉट्सॲपवर एक ओळ टाका, आणि कारण खरं लिहा. ताप लिहा, पाणी लिहा, विड्या लिहा, उठलाच नाही लिहा. खोटा ताप लिहिला तर मी आजारपण समजून गप्प बसते. पाणी लिहिलंत तर मी मधल्या सुट्टीनंतर का होईना पाठवा म्हणून फोन करते, शिपाईमामांना गेटवर सांगून ठेवते आणि तिच्या वाटची खिचडी काढून ठेवायला लावते.